तिसऱ्या बाईचा सूर

सक्करदऱ्याच्या सुस्वर महिला भजन मंडळाला यंदा 'सर्वोत्कृष्ट समूहस्वर' ही फिरती ढाल मिळाली. गाताना मंचावर मंडळाची एकूण एक बाई हजर होती. एकूण, एक.

हे वरचं आपण वाचलेलंच नाही. ढाल कोणालाही मिळालेली नाही, स्पर्धा अजून व्हायची आहे. शनिवारची सकाळ आहे आणि सौरव आपल्या खोलीत बाबांचा दाढीचा ट्रिमर चालू करून इलेक्ट्रिक गिटारच्या तारांजवळ धरून बसला आहे.

त्याला कारण होतं. मागच्या आठवड्यात त्याने कोरस नावाचा एक डब्बा घेतला होता. निळा, साबणाच्या वडीपेक्षा थोडा मोठा, वर दोन गोल खुंट्या आणि पायाने दाबायची एक पट्टी. गिटारची वायर त्यातून नेली की तो सुराची नक्कल काढतो आणि ती जराशी उशिरा, जराशी हलवून सोडतो. त्यामुळे एक जण वाजवत असला तरी चार जण वाजवताहेत असं वाटतं, आणि त्या चौघांचं आपसात फारसं पटत नाही हेही कळतं. बाबांचं मत होतं की घरात एक गिटार होती तेच पुष्कळ झालं होतं.

म्हणून सौरव त्या डब्ब्याचे उपयोग शोधत होता आणि वहीत लिहीत होता. तारांवर चमचा घासला की देवळातली घंटा. दोन्ही खुंट्या पूर्ण फिरवल्या की खड्ड्यातून चाललेला ऑटो. ट्रिमरची मोटर तारांखालच्या लोहचुंबकाजवळ धरली की चार तंबोरे. शेवटच्या नोंदीपुढे त्याने 'बाबांना सांगू नये' असंही लिहिलं.

तेवढ्यात इंदूमावशीचा फोन आला.

"सौरव, चौघींनी दगा देल्ला गा."

"का झालं मावशी?"

"मोतीबिंदू."

इंदूबाई म्हणजे सुस्वर मंडळाची मुख्य गायिका. बाकीच्या चौघी मागे म्हणणाऱ्या. गुरुवारी मोफत शिबिर होतं. एकीने नाव टाकलं म्हणून दुसरीने टाकलं, दुसरीने टाकलं म्हणून उरलेल्या दोघी कशाला मागे राहतील? आता चौघी काळे चष्मे घालून घरी बसल्या होत्या आणि डॉक्टरांनी त्यांना जोर लावायची मनाई केली होती. स्पर्धा दुपारी दोनला, महाल नावाच्या वस्तीतल्या सभागृहात. नियम असा की मंडळात किमान पाच आवाज हवेत. नाही तर नाव यादीतून कटणार आणि मंडळ प्रतीक्षा यादीत जाणार. त्या यादीतून परत वर आलेलं मंडळ अजून कोणी पाहिलेलं नाही.

"एकोणीस वर्षं झाले," मावशी म्हणाली. "नाव कटलं तं मी पुन्हा तोंड नाई उघडणार. सांगून ठेवते."

सौरव सरळ बसला. त्याच्या पहिल्या गिटारच्या तारा मावशीनेच सुरात लावून दिल्या होत्या. तिला तेव्हा ती आडवी धरायची सतार वाटली होती, पण सूर बरोबर लागले होते. ही बाई गप्प बसली तर घराला कसं वाटेल, याची त्याला कल्पनाच करता येईना.

"तुह्याजवळ कोरस आहे का गा?" मावशीने विचारलं.

त्याला गहिवरून आलं. घरात पहिल्यांदाच कोणी डब्ब्याची चौकशी केली होती.

"हाव, आहे ना!"

"किती?"

"एकच आहे. पण चार जणांचा आवाज येते."

"अशीच दणकट पायजे. आपली साडी निळी आहे बरं."

"निळाच आहे मावशी."

"वा. गाडीवर मागं बसवून आण."

"मागं गिटार राहते. समोर ठेवतो."

"समोर काहून? पडन ना बिचारी! आणि उपाशी नको आणू."

"नवीन सेल टाकूनच आणतो," सौरव म्हणाला आणि फोन ठेवला. दोघांचंही पूर्ण समाधान झालं होतं.

पावणेदोनला तो महालातल्या सभागृहात पोचला. मावशी निळी साडी नेसून मंचामागे उभी होती. तिने शेजारच्या खुर्चीवर पदर टाकून जागा धरून ठेवली होती.

"कुठं आहे ती?"

"कोण?"

"कोरस!"

सौरवने पिशवीतून डब्बा काढून तिच्या हातात दिला. मावशीने तो उलटा करून पाहिला, मग सौरवच्या मागे पाहिलं, मग परत डब्ब्याकडे.

"निळा आहे," सौरव म्हणाला.

नेमक्या त्याच वेळी महालच्या मंडळाच्या अंजनाबाई आल्या. त्यांच्या मागे अकरा बाया होत्या, सगळ्यांचे डोळे ठणठणीत.

"इंदूबाई, तुमच्या बाया दिसून नाई राहिल्या वं?"

"येऊन राहिल्या," मावशी डब्बा पदराखाली घेत म्हणाली.

"गाडीच्या डिक्कीत पाहून घ्या. गरमीनं झोपल्या असतीन." अकरा बाया एका सुरात हसल्या. सराव चांगला होता.

त्या गेल्यावर मावशी खुर्चीवर बसली. "पोट्ट्या," ती हळूच म्हणाली, "संपलं माह्यं."

सौरवने भिंतीवरचा नियमांचा कागद वाचला. 'मंडळात किमान पाच आवाज असावेत.' तो पुन्हा वाचला. आवाज. तो कागद परीक्षक शालिकराम गुरुजींनी स्वतःच्या हाताने लिहिला होता. गुरुजी डोळे मिटून ऐकायचे, साड्या पाहून मत बदलू नये म्हणून. एकोणीस वर्षांत त्यांनी एकही मंडळ गाताना पाहिलेलं नव्हतं.

"मावशी, तुहा आवाज याच्यातून नेऊ."

"लबाडी नाई करणार मी. विचारलं तं खरं सांगीन."

"विचारलं तं ना?"

साउंडवाला सुशील माइकची वायर हातात धरून डब्ब्याकडे बघत राहिला. "उडला तं?"

"तं माहा उडन."

"मंग ठीक आहे," सुशील म्हणाला आणि वायर जोडली.

चपला खाली काढायच्या होत्या, त्यामुळे सौरव डब्बा पायाशी ठेवून अनवाणीच खुर्चीवर बसला. मावशीने डोळे मिटून पहिली ओळ म्हटली. साध्या, एकट्या आवाजात. आणि सवयीप्रमाणे थांबली. एकोणीस वर्षं ती ओळ म्हणून थांबत आली होती, मागच्या चौघी ती उचलत आल्या होत्या. आज मागे पंखा होता.

एक क्षण गेला. दुसरा गेला. पुढच्या रांगेत अंजनाबाईंनी पदर सावरला.

सौरवला तेव्हा कळलं की डब्बा नक्कल करतो, उत्तर देत नाही. "मावशी, तूच म्हण!" तो कुजबुजला आणि पायाच्या अंगठ्याने पट्टी दाबली.

मावशीने तीच ओळ पुन्हा म्हटली. पण खुंट्या सकाळच्या ऑटोवरच राहून गेल्या होत्या. स्पीकरमधून सक्करदऱ्याच्या तलावात डोलणाऱ्या नावेतून पंधरा बाया एकदम गायल्यासारखा आवाज निघाला. तिसऱ्या रांगेतल्या एका आजीने इंदूबाईंच्या अंगात आलं समजून हात जोडले. सौरवने पायाच्या अंगठ्याने एक खुंटी मागे घेतली, मग दुसरी. बुटात हे जमलं नसतं. नाव स्थिरावली, पंधराच्या पाच झाल्या.

मावशीने दचकून डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं. कोणी नव्हतं, पण चौघी होत्या. तिचे खांदे खाली आले. पुढची ओळ तिने एकटीने म्हटली, सौरवने पट्टी दाबली, तीच ओळ पाच जणींनी म्हटली. नक्कल बंद करायची तर पट्टी परत दाबायची: एक, पाच, एक, पाच. शेवटच्या कडव्याला मावशी स्वतःच्याच मागच्या बायांना हाताने खुणा करत होती.

टाळ्या थांबल्यावर गुरुजींनी डोळे उघडले. मंच बघितला. चष्मा पुसून पुन्हा बघितला.

"बाकीच्या उतरल्या काय?"

मावशी उभी राहिली.

"नाई गुरुजी. मी एकटीच हाव. चौघी मोतीबिंदूत आहेत. आवाज या डब्ब्याचा आहे."

अंजनाबाई लगेच उभ्या राहिल्या. "म्हणजे नाव कटलं ना गुरुजी? बायाच नाई तं!"

गुरुजींनी कागद मागवला आणि स्वतःचंच अक्षर मोठ्याने वाचलं. "किमान पाच आवाज. मी मोजले. सहा होते. एक पुढं, पाच मागं."

"पण बाया?"

"बाया लिवाचं असतं तं मी बाया लिवलं असतं," गुरुजी म्हणाले. स्वतःच्या शब्दावरून ते आजवर हटले नव्हते आणि तेवढ्यासाठी हटणारही नव्हते. "इंदूबाई, एकच सांगतो. ते तिसरी बाई सूर जरा मागं ओढते. घाई नको करू म्हणा, पण झोपू बी नको."

मावशीने डब्ब्याकडे पाहिलं. "सांगते," ती म्हणाली.

मग ती पायऱ्यांवर येऊन बसली आणि तिने इतका लांब श्वास सोडला की सौरवला वाटलं, डब्बा अजून चालूच आहे. नाव यादीत राहिलं होतं. ढाल मिळाली हे तिला दहा मिनिटांनी कळलं, पण तोवर तिचा आनंद करून झाला होता. तिने चौघींना फोन लावला. डॉक्टरांनी रडायचीही मनाई केली असल्यामुळे चौघी हसल्या.

पुढच्या सोमवारी मावशीने सांगितलं आणि सौरवने वहीतलं कोरं पान फाडून लिहिलं:

"प्रति, मा. अध्यक्ष, स्पर्धा समिती. विषय: तिसऱ्या बाईस मान्यता मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये सविनय सादर करण्यात येते की, आमच्या मंडळातील तिसरी बाई (रंग निळा, वय दहा दिवस, राहणार गिटारची पिशवी) हिने परीक्षकांच्या सूचनेनुसार सूर मागे न ओढण्याचा सराव सुरू केला आहे. तरी सदर बाईस मंडळाचे कायम सभासदत्व, फोटोसह ओळखपत्र आणि पुढील मोफत मोतीबिंदू शिबिरात एक राखीव जागा देण्यात यावी, ही नम्र विनंती."