शेजारच्या पोरीला वाटीभर मूग

फिलिपिन्समधल्या नेग्रोस बेटावरच्या त्या मळ्यात ऊस तोडून संपला, कारखान्याचा भोंगा थांबला, की पुढचे काही महिने माणसं नुसती दिवस ढकलायची. त्या दिवसांना तिकडे ‘मेलेला हंगाम’ म्हणतात. शाळा नेमकी त्यातच उघडते आणि उघडली की पोरांची वजनं होतात.

नेरिसाची चूक झाली ती तिथंच.

आदल्या वर्षी तिची लेक रोझविन काट्यावर उभी राहिली आणि वर्गातल्या तक्त्यावर तिच्या नावापुढे वजन कमी म्हणून लाल टिकली लागली. त्यामुळे शाळेत जेवण मिळालं खरं, पण वर्षभर पोरं तिला ‘सुकट’ म्हणून हाका मारत होती. ते आईच्या काळजाला लागलं. म्हणून यंदा नेरिसानं इकडून तिकडून तांदूळ उसने आणले, आदल्या रात्री पोरीला गच्च जेवू घातलं, सकाळी केळी उकडून दिली, वर दोन पेले पाणी पाजलं आणि स्कर्टच्या आत जाड पँट चढवली. “नॉर्मल!” वर्गाच्या तुपास मॅडम कौतुकानं म्हणाल्या. नेरिसा त्या दिवशी मान वर करून घरी आली.

शाळेतली पंगत सुरू झाली तेव्हा तिचे डोळे उघडले. लाल टिकलीवाल्या पोरांना रोज दुपारी गरम जेवण, आणि नॉर्मल पोरांनी तेवढा वेळ मैदानात खेळायचं. रोझविन काही खेळायची नाही. खिडकीचे गज धरून उभी राहायची आणि घरी येऊन सगळं साग्रसंगीत सांगायची.

“नानाय, आज अंडं होतं. अर्धं नाही गं, अख्खं!”

आईला ती नानाय म्हणे. नानाय तिच्यापुढे भात ठेवायची, त्यावर काळी कॉफी आणि मीठ. बाप दुसऱ्या बेटावर बांधकामावर गेलेला, त्याचा पैसा यायचा तेव्हा यायचा.

मग नेरिसा शाळेत फुकट रांधायला जाऊ लागली. पातेल्याजवळ असलं की काहीतरी हाताला लागेल, एवढाच हिशेब. पण चुलीवर राज्य मानांग पासिंगचं. वयानं मोठी म्हणून सगळ्या तिला मानांग म्हणत आणि तिच्या जिभेला भीतही असत.

“मानांग, ही खरवड उरलीये. पोरीला नेऊ का थोडी?”

“तुझ्या पोरीला?” पासिंगनं उलथन्यानं खरवड सोडवून बादलीत टाकली. “ती तर नॉर्मल ना गं! हे माझ्या डुकरांचं. त्यांची वजनं व्हायचीत अजून.”

बाया खिदळल्या. नेरिसाही हसली. न हसून करते काय?

एके दिवशी तुपास मॅडमनी तिला बाजूला घेतलं. “एक मुलगा मनिलाला आजीकडे गेला. त्याची जागा मोकळी झालीय. तुझी रोझविन आणि तुझ्या शेजारची चारिस, दोघी अगदी काठावर आहेत. शुक्रवारी परत काट्यावर उभ्या करते. जी हलकी, तिला जागा.”

“दोघींना नाही का घेता येणार, मॅडम?”

“तांदूळ वरून मोजून येतो, नेरिसा. मी काय घरून आणू?”

चारिस म्हणजे लुडीची. दोन्ही घरांत बांबूची एकच भिंत. दोघी पोरी एकाच महिन्यातल्या, आणि नेरिसाला दूध उतरेना तेव्हा रोझविन लुडीच्या अंगावर प्यालेली. एका बाजूला चारिस, एका बाजूला रोझविन, आणि लुडी वैतागून म्हणायची, “तुझी पोर आहे का जळू गं, नेर?”

मॅडमनी जागेचं सांगितलं त्या दिवसापासून दोघी आया एकमेकींशी सगळं बोलल्या. हवा, साबणाचा भाव, कुणाचा नवरा कुठं. शुक्रवारचं मात्र एक अक्षर नाही. पण बांबूच्या भिंतीला काय लपतं? लुडीच्या घरातून भाताचा वास येईना. पातेल्यावर झाकण वाजेना. एकदा चारिसचा आवाज आला, “भूक लागलीये.” आणि लुडीचा, “झोप. झोपलं की लागत नाही.”

नेरिसाच्या ओठावर तेच वाक्य होतं. तिनं गिळलं आणि रोझविनपुढे पेजेची अर्धीच वाटी ठेवली. पोरीनं वाटी चाटून आतून पुसली आणि आईकडे पाहिलं. नेरिसानं चुलीकडे तोंड फिरवलं. पोरीची मनगटं तिला बघवत नव्हती, आणि ती बारीक झाली का हे बघितल्याशिवायही राहवत नव्हतं. दिवसातून दहादा ती आपल्या बोटांचं कडं करून त्या मनगटाभोवती घालायची. सैल लागलं की बरं वाटायचं. बरं वाटलं म्हणून स्वतःचीच किळस यायची.

पण लुडीही हात आखडूनच वाढत होती. दोघींचं वजन सारखंच उतरत असणार. मग?

शुक्रवारी उजाडायच्या आत लुडी मुकादमाचे कपडे धुवायला नदीवर गेली. नेरिसानं डब्यातला उरलासुरला तांदूळ काढला, सगळा. मूठभर मूग होते तेही. परसातला नारळ फोडून दूध काढलं, वर शेवग्याचा पाला सोडला. वासानं रोझविन उठून बसली आणि चुलीपुढे नाचायलाच लागली.

“नानाय, मूग! नारळ घालून!”

“हात लावायचा नाही.”

“मग कुणाला?”

“चारिसला.”

“तिचा वाढदिवस आहे?”

“नाही.”

“मग मी काय केलं?”

नेरिसा म्हणाली, “तू सोमवारपासून रोज जेवशील, इंदाय. रोज.” इंदाय म्हणजे बाळ, पोरी. तिला दुसरं काही सुचलं नाही.

शेजारणीकडे वाटी नेणं ही काही तिथं नवलाची गोष्ट नव्हती. चारिस चटईवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. वाटी बघितली आणि मागं सरकली. नेरिसाला ती तिया, म्हणजे मावशी, म्हणे.

“तिया, नानाय म्हणालीये, कुणाकडचं काही खायचं नाही.”

“अगं, कुणाकडचं म्हणजे परक्यांचं. मी परकी का?”

पोरीनं क्षणभर विचार केला. मग दोन्ही हातांनी वाटी धरली. आधी फुंकर मारत, मग न मारताच. नेरिसा समोर बसून बघत राहिली. हनुवटीला लागलेलं शीत तिनं बोटानं टिपून परत पोरीच्या तोंडात घातलं, स्वतःच्या लेकीला भरवावं तसं. “अजून घे. घे गं. वर पाणी पी. अजून एक पेला. आता शाळेत जाईपर्यंत कुठं जाऊ नकोस हं, पोट हलतं.”

काट्यापुढे दोघी आया उभ्या होत्या. रोझविन चढली, उतरली. मग चारिस. मॅडमनी वाकून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

“रोझविन हलकी. थोडीशीच, पण हलकी.”

“नाही हो मॅडम,” लुडी म्हणाली, “परत बघा. आठवडाभर मी तिला...” आणि तिची जीभ अडखळली. ती लेकीकडे वळली. “काही खाल्लंस?”

चारिसनं मान खाली घातली.

“खाल्लंस?” आणि सणसणीत चपराक. “कुणी सांगितलं होतं तुला खायला? कुणी?”

“लुडी! पोरीला खाल्लं म्हणून मारतेस?” मॅडम ओरडल्या.

“तियानं दिलं,” चारिस हुंदके देत म्हणाली. “मूग दिले.”

लुडीनं नेरिसाकडे पाहिलं. “नारळ घातला होता?” तिनं विचारलं, पण लेकीला.

“हो.”

“मग चांगलेच झाले असतील. तिचा हात चांगला आहे.” तिनं पोरीचा गाल स्वतःच्या ओल्या बाहीनं पुसला आणि तिला घेऊन निघून गेली.

त्या मुलखात शेजारणीचं भांडं रिकामं परत करत नाहीत; काही नसलं तर चिमूटभर मीठ घालतात. शनिवारी सकाळी नेरिसाच्या दारात तिची वाटी होती. घासून लख्ख केलेली, पालथी. घरात तांदळाचा कण नव्हता. दोन दिवस मायलेकींनी रताळ्याचा पाला उकडून खाल्ला.

सोमवारी रोझविन पंगतीला बसली. “या, आमच्या नॉर्मलबाई या!” पासिंगनं तिच्या ताटात भात लोटला. नेरिसानं स्वतःच्या हातानं वर कोंबडीचा रस्सा वाढला. पहिल्यांदाच त्या पळीतून तिच्या पोरीला काहीतरी मिळत होतं. रोझविन खाली मान घालून, श्वास न घेता जेवू लागली. नेरिसाचे डोळे भरून आले. खिडकीत कोण उभं आहे ते तिनं मुद्दामच पाहिलं नाही.

आणि मग रोझविन थांबली. चमच्यानं भाताच्या मधोमध रेघ मारली आणि चमचा खाली ठेवला.

“खा ना गं.”

“पुरे.”

“पोट भरलं?”

पोरीनं नाही म्हणून मान हलवली. मग आईला खाली वाकायची खूण केली आणि तिच्या कानाशी कुजबुजली, “पुढच्या महिन्यात परत वजन आहे ना, नानाय? मी जड झाले तर मला काढून चारिसला घेतील.”

“नाही घेत, बाळा. खा तू. कुणी काढत नाही.”

रोझविननं आईकडे पाहिलं. बघून झाल्यावर ताट पुढे सरकवलं आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून त्यांच्यावर बसली, चुकून ताटाकडे जाऊ नयेत म्हणून.