विलासने बसवलेला गणपती

माझ्या घटस्फोटित नवऱ्याला देव आठवला तो नेमका बेलिफ दारात येण्याच्या आदल्या दिवशी.

घर माझं. दिल्लीच्या मयूर विहारमधल्या एका सोसायटीचे माझे वडील सुरुवातीपासूनचे सभासद. त्यांच्यामागे फ्लॅट माझ्या नावावर झाला. घटस्फोट दोघांच्या संमतीने झाला आणि विलासने तीन महिन्यांत घर सोडावं, असं हुकूमनाम्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. विलासने सही केली, जजसाहेबांना वाकून नमस्कार केला आणि घरी जाऊन माझ्याच दिवाणावर पाय पसरले. ते त्याने त्यानंतर आवरलेच नव्हते.

मी आणि माझी मुलगी लतिका तेव्हापासून लक्ष्मीबाई नगरला, माझ्या भावाच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. सूर्यकांत कधी एका शब्दाने बोलला नाही, वहिनीही नाही. पण आता त्याची नागपूरला बदली झाली होती आणि महिनाअखेर क्वार्टर रिकामं करायचं होतं. लतिकाची बारावी तोंडावर आलेली. स्वतःचं घर असून आम्ही दोघी रस्त्यावर येणार, या विचाराने माझी झोप उडाली होती.

हुकूमनामा हातात आला म्हणजे घर हातात आलं, असं मी इतकी वर्षं केंद्राच्या मंत्रालयात फायली हलवूनही समजत होते. तसं नसतं. समोरचा ऐकत नसेल तर अंमलबजावणीसाठी पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागते. माझ्या वकील हेमलताबाईंनी तीही चढवली. कोर्टाने बेलिफला ताबा घ्यायला पाठवलं. विलासने बाहेरून भलंमोठं कुलूप घातलं आणि तो ऑफिसला निघून गेला. पुढच्या तारखेलाही तेच. कुलूप तोडायचं तर वेगळा हुकूम लागतो. तो मिळवण्यात अख्खा उन्हाळा गेला.

तो मिळाला आणि तारीख पडली ती नेमकी गणेश चतुर्थीच्या दुसऱ्या दिवसाची. दिल्लीत चतुर्थीला कोर्ट बंद नसतं, तिथे कुणाच्या ते ध्यानातही आलं नसणार. विलासच्या मात्र बरोबर आलं.

त्या सकाळी आम्ही जिना चढलो. पुढे बेलिफ श्यामबाबू, कपाळावर टिळा लावलेले मथुरेकडचे पापभिरू गृहस्थ. मागे एक हवालदार, हत्यारांची पिशवी घेतलेला कुलूपवाला, मी आणि लतिका. कुलूप तोडण्याची जय्यत तयारी. वर जाऊन बघतो तर दार सताड उघडं. उंबऱ्यावर रांगोळी, चौकटीला आंब्याची पानं, आत अगरबत्तीचा वास. आणि हॉलमध्ये, जिथे माझं पुस्तकांचं कपाट असायचं तिथे, मखरात हातभर उंचीचा गणपती.

शेजारी रेशमी धोतर नेसून, उघड्या अंगाने विलास हात जोडून उभा. लग्नाच्या सगळ्या वर्षांत या माणसाने साधी उदबत्ती लावलेली मी पाहिली नव्हती.

"आइए भाईसाहब, पहले दर्शन कीजिए," तो श्यामबाबूंना म्हणाला. "आपका ऑर्डर सर आँखों पर. लेकिन घर में भगवान बैठे हैं. ग्यारह दिन इनको कोई हिला नहीं सकता. और भगवान को अकेला छोड़कर मैं जाऊँ कैसे?"

श्यामबाबूंनी बूट काढले. हवालदाराने काढले. कुलूपवाल्याने पिशवी बाहेर ठेवून चपला काढल्या. तिघेही ओळीने मूर्तीपुढे वाकले. मला संताप आला होता, आणि सांगायला लाज वाटते, तरी माझेही हात जोडले गेले.

"मैडम," श्यामबाबू मागे वळून हळूच म्हणाले, "मैं लिख देता हूँ कि घर में पूजा चल रही है. अगली तारीख ले लीजिए. मेरे भी बाल-बच्चे हैं."

अगली तारीख म्हणजे दिवाळीनंतर. तोवर सूर्यकांत नागपुरात आणि आम्ही कुठे, ते त्या गणपतीलाच ठाऊक. विलासचा डाव मला दिसत होता, पण उधळता येत नव्हता. त्याच्या घराण्याचा गणपती फरिदाबादला थोरल्या भावाकडे, भालचंद्र भावजींकडे बसतो. घराण्याचा गणपती एकच, धाकट्याने वेगळा मांडायचा नसतो, म्हणून आमच्या घरी तो कधीच बसला नव्हता. पण हे मी श्यामबाबूंना कसं सांगणार? आणि सांगितलं तरी प्राणप्रतिष्ठा झालेल्या मूर्तीला उचला, असं माझ्या तोंडून निघणार नव्हतं.

"मम्मी, पापा ने ये जानबूझके किया है ना?" लतिका कानाशी म्हणाली. "तू काहीतरी बोल ना, यार."

तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारात अहिल्याबाई, माझ्या सासूबाई, येऊन उभ्या राहिल्या. हात तांदळाच्या उकडीने भरलेले. त्या इथे असतील हे माझ्या ध्यानीमनी नव्हतं.

"वृंदा? तू कशी काय? आणि हे पोलीस कशाला?"

"आई, तुम्ही आत जा," विलास घाईने म्हणाला. आईला तो कधी अहोजाहो करत नाही, त्यावरून किती घाबरला होता ते समजलं.

"तू थांब. मी हिला विचारतेय."

मी सांगितलं. घर, हुकूमनामा, कुलुपं, आजची तारीख. आवाज चढू दिला नाही, पण काही लपवलंही नाही. ऐकता ऐकता त्या पदराला हात पुसत होत्या. पुसून झाले तरी पुसतच होत्या.

"मला म्हणाला, या वर्षी मला गणपती आणावासा वाटतोय," त्या शेवटी म्हणाल्या. "इतक्या वर्षांनी पोराला बुद्धी झाली म्हणून मी भालचंद्राकडचा गणपती सोडून इथे आले. थोरल्या सुनेचं तोंड वाकडं झालं तरी आले. आणि तू देवाला दारावर पहारेकरी म्हणून बसवलंस?"

"आई, तसं नाही. मी अकरा दिवसांचा—"

"आपल्यात दीड दिवसाचा असतो."

विलास मखराची झालर सारखी करू लागला.

"तुझ्या आजोबांनी दीड दिवस ठेवला, वडिलांनी दीड दिवस ठेवला, भालचंद्र ठेवतो. तुझाच तेवढा अकरा दिवस कसा राहील?" मग त्या श्यामबाबूंकडे वळल्या. त्यांचं हिंदी अजून साताऱ्याचंच आहे. "देखो भाऊ, हमारे में डेढ़ दिन का होता है. कल बैठा, आज उठता है. नैवेद्य होने तक बैठो. मोदक खाके जाना."

श्यामबाबूंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली. त्यांच्या चेहऱ्यावरचं ओझं उतरलेलं मला स्पष्ट दिसलं, आणि माझं किती उतरलं ते काय सांगू. मी सरळ भिंतीला टेकून खाली बसले.

"उत्तरपूजा मतलब?" लतिकाने मला विचारलं, कारण आजी आता तेच बडबडत ताम्हन शोधत होती.

"देवाला निरोप द्यायची पूजा. ती झाली की मूर्ती जागची जराशी हलवतात. मग ती उचलता येते."

आरती झाली. आईंनी देवाच्या हातावर दही ठेवलं. विलासने अक्षता वाहिल्या आणि आईंच्या डोळ्यांच्या धाकाने मूर्ती हलवली. हवालदाराने सगळ्यांत मोठ्याने "मोरया" म्हटलं.

"बसवलास तू, उठवायचाही तूच," आई म्हणाल्या. यमुनेत विसर्जनाला बंदी झाल्यापासून सोसायटी मागच्या बागेत हौद बांधते. विलासने मूर्ती पाटासकट छातीशी धरली. वर्षभर ज्या घरातून कोर्टाला त्याला काढता आलं नव्हतं, तिथून तो आपल्या पायांनी, अनवाणी, बाहेर पडला. मागोमाग लतिका झांजा वाजवत गेली, कारण बाप कसाही असला तरी तिला गणपती हवा होता.

श्यामबाबूंनी माझी सही घेतली आणि कागदावर 'कब्ज़ा दिया गया' असं लिहिलं. आईंनी विलासचे कपडे बॅगेत भरले. भालचंद्र भावजींना फोन करून सांगितलं, संध्याकाळी गाडी पाठव, विलास येतोय. कुलूपवाला बिचारा तोडायला आला होता, त्याने दाराचं जुनं लॅच काढून नवं बसवलं आणि मोदक खाल्ले. मग ते तिघेही गेले.

"तुला मी आधी विचारायला हवं होतं," आई बॅगेची चेन ओढत म्हणाल्या. "त्याने सांगितलं की तूच घर सोडून गेलीस."

"असू दे, आई." त्यांना अजून 'आई'च म्हणतेय हे मला तेव्हा जाणवलं. बदलावंसं वाटलं नाही.

मी दार लावून घेतलं आणि हॉलमध्ये उभी राहिले. मखराच्या मागे भिंतीवर माझ्या कपाटाची जुनी खूण अजून होती. खिडकीतून मेट्रोचा आवाज आला. हा आवाज मला पूर्वी अजिबात आवडत नसे.

थोड्या वेळाने दाराशी खुडबुड झाली. कुणीतरी किल्ली घालत होतं. ती आत गेली नाही. पुन्हा घातली, फिरवून पाहिली. मग बराच वेळ काहीच नाही. मी जागची हलले नाही. आईही हलल्या नाहीत.

आणि बेल वाजली.

मी दार उघडलं. रिकाम्या पाटावर मूठभर माती घेऊन विलास उभा होता, जशी विसर्जनानंतर घरी आणतात तशी. धोतर गुडघ्यापर्यंत भिजलेलं. शेजारी झांजा घेतलेली लतिका.

"पाट आणलाय," तो खाली बघत म्हणाला. "आत येऊ का?"

माझ्या घरी यायला त्याने पहिल्यांदाच मला विचारलं होतं.

"ये," मी म्हटलं. "आरती करू. मग तुझी बॅग भरलेली आहे."