कोपराचं माप

माझ्या हातच्या कामाला आजवर कोनी नाव ठेवलं नव्हतं. नांगर म्हना, जू म्हना, दाराची चौकट म्हना, आमच्या मुळशीच्या या अंगाला भिकू सुताराशिवाय पान हलत न्हाई. म्हनून त्या श्रावनात मी केलेली आठच्या आठ कोळपी बांधावर आडवी टाकलेली बघितली, तवा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

जपानी भातशेतीचं ते आमच्याकडचं पयलंच साल. रोपं दोरी धरून सरळ वळीत लावायची, आन् दोन वळींच्या मधनं कोळपं ढकलत जायचं. तन उभ्यानंच निघतं, वाकायचं काम न्हाई. चिखलात फिरनारी लोखंडी दातेरी चाकं ग्रामसेवकानं पौडाहून आनली, आन् दांडे बसवायचं माझ्याकडं दिलं. सागाचे दांडे, तासून असे गुळगुळीत केले की गालावरनं फिरवावे.

मला त्या कोळप्याची गरज सरकारपरीस जास्त व्हती. आमची कारभारीन रत्नाबाई, तिची कंबर गेल्या सालापास्न धरली व्हती. वैद्य म्हनला, आता वाकून तन काढायची बेननी बंद. मी म्हनलं, मग घरी बस. तर ही बया ढसाढसा रडली.

"सगळ्या जनी खाचरात हसत्यात, गात्यात, आन् मी एकलीनं हितं भिताडाकडं बघत बसू व्हय?"

कोळपं चाललं तर रत्ना वळीत ऱ्हानार, न्हाईतर घरात. आन् ते तर बांधावर पडलेलं.

"बायकांना नव्याची सवय नाही, भिकूदादा," ग्रामसेवक म्हनला. चांगलं पोरगं, पन चेहरा पडलेला. "आठ दिवसांनी पौडाहून साहेब येणार आहेत. तोवर चालली नाहीत, तर कोळपी भरे गावाला पाठवावी लागतील. तिथले लोक मागतायत."

"चालत न्हाईत कशी? बघतोच!" मी धोतर खोचलं आन् शिरलो चिखलात. ह्या टोकापास्न त्या टोकापत्तुर एका दमात वळ काढली. लोन्यातनं सुरी जावी तसं गेलं की हो कोळपं! "बघा! कुटं अडतंय सांगा!"

वाडीवरची कोंडाबाई माझ्या छातीएवढी बी न्हाई, पन जीभ ही लांब. ती म्हनली, "तुमच्यासाठीच केलंय की, भिकूदादा! मग उद्यापास्न तुमीच या बेनाया. आमी बांधावर बसून सुपारी खातो."

सगळ्या खो खो हसल्या. रत्ना बी हसली. मी तरातरा घरी आलो.

दुपारी ती आली ती भिताड धरत धरत. कोळपं टाकून तिनं बी बाकीच्यांबरूबर वाकून तन उपटलं व्हतं. तिला तसं बघून माझा राग कुटल्या कुटं गेला.

"का टाकलंस?" मी इचारलं.

"दांडा छातीला येतोय. हात वर धरावं लागत्यात, खांदं भरून येत्यात. आन् वरनं पाऊस. मनगटावरनं पानी सरळ चोळीत, बगलंत. किती लांब धरलाय दांडा?"

"अडीच हात. बराबर मोजून."

"कुनाच्या हातानं?"

आता हे काय इचारनं झालं? सुतार आपल्याच हातानं मोजनार. कोपरापास्न मधल्या बोटापत्तुर, माझ्या बानं बी असंच मोजलं. तिनं आपला हात माझ्या हाताला लावला. चांगला चार बोटं तोकडा.

"अवो, बैलाच्या मानंला घट्टा पडू नये म्हनून तुमी बैल दारात उभा करून जू करता," ती म्हनली. "मला कधी उभी केलीत?"

खरं सांगतो, मला माझीच लाज वाटली.

दुसऱ्या दिशी सगळ्या जनींना माझ्या छपरात बोलावलं. बायकांना मी कसा हात लावनार? रत्नाच उभी ऱ्हायली. एकेकीला भिताडाला लावायची, कोपर दुमडायला सांगायची आन् कोपराशी कावेचं बोट वढायची. अकरा बायका, अकरा रेघा. मी डोकं चालवलं, मधली रेघ धरली आन् आठी दांडे त्या मापाचे कापले. शानाच की मी!

दोघींना चाललं. सारजाबाई उंच, ती वाकायला लागली. कोंडाबाई अजून बी हात वर करून. आन् रत्नाला दोन बोटं जास्तच.

"एकीएकीला निराळा दांडा कुटनं आनू? माझं टकुरं फिरवताय तुमी!" मी करवत आपटली. तीन दिस ऱ्हायले व्हते.

करवत आपटली ती नांगराजवळ. तितं इसाडाला, म्हंजी नांगराच्या लांब दांड्याला, भोकं हायेत, खिळी वरखाली केली की उंच बैलाला बी चालतंय, ठेंगन्याला बी. दर साली मीच पाडतो ती भोकं. मी कपाळावर हात मारला. आठी दांडे आनखी आखूड केले, त्यांना खाली जोड दिला, जोडाला पाच पाच भोकं आन् एक लाकडी खिळी. जी येईल तिनं आपल्या कोपराएवढं करावं आन् चालू पडावं.

सायेब आले तवा आठी कोळपी खाचरात व्हती. कोंडाबाईची सगळ्यात खालच्या भोकावर, सारजाबाईची वरच्या. मधी आमची रत्ना, इरलं पाठीवर, कंबर ताठ, सगळ्यांच्या वर आवाज काढून गात व्हती. सायबानं वही काढली. "दांड्याची लांबी किती लिहू?"

"ज्या बाईचं नाव लिवाल, तिच्या कोपराएवढी लिवा," मी म्हनलं. ग्रामसेवक हसला. कोळपी गावातच ऱ्हायली.

घरी आल्यावर रत्ना पाय धुता धुता म्हनली, "अवो, आता मापं इचाराया लागलायसा तर सांगते. आपलं मुसळ लई जाड हाय. माझ्या मुठीत मावत न्हाई."

"तीस वरसं कांडतीस, आन् आज सांगतीस?"

"तीस वरसांत इचारलं ह्याच श्रावनात."

मी सुताची दोरी घेतली. तिची मूठ मोजायला तिचा हात हातात धरला, भर उजेडात, वसरीवर, येनाऱ्या-जानाऱ्यांच्या देखत. तळव्यावर घट्टंच घट्टं. इतकी वरसं मी जी जी वस्तू केली, त्या प्रत्येकीचा एक एक. मोजून झालं तरी मी हात सोडला न्हाई, आन् तिनं बी काढून घेतला न्हाई.