मिस्त्रींच्या बायकोची गाडी

"माझ्या दारात ते बॅटरीचं खेळणं येणार नाही, सांगून ठेवतोय!"

समोर एक स्कूटर खोललेली पडली होती आणि मिस्त्री हातातला पाना माझ्याकडे रोखून बोलत होते.

"दार माझंही आहे," मी म्हटलं.

मिस्त्री म्हणजे माझा नवरा. अख्खी गल्ली त्यांना मिस्त्री म्हणते म्हणून मीही म्हणते, रागात असले की जरा मोठ्याने. खाली त्यांचं गॅरेज, वर आमचं घर. मी नर्स. दवाखान्याने घरी पाठवलेले, पण अजून अंथरुणातून न उठलेले असे माझे पेशंट. कोणाचं ड्रेसिंग, कोणाचं इंजेक्शन, दिवसभर दारोदार फिरायचं. स्कूटर नसेल तर माझं कामच बंद.

आणि याच स्कूटरने मला खाली मान घालायला लावली होती. आमचे एक पेशंट, टेलरकाका. छाती पार निकामी झालेली, नाकात ऑक्सिजनची नळी. खोली तळमजल्यावर, खिडकी थेट बोळात. मी तिथे गाडी लावत होते, तोच आतून त्यांच्या सुनेचा आवाज आला, "सिस्टर आल्या! खिडकी लावा आधी!" धाडकन खिडकी बंद. तिचं काय चुकलं? मी आत जाऊन त्या माणसाला श्वासाचे व्यायाम शिकवणार आणि बाहेर माझीच गाडी त्याच्या उशाशी धूर सोडून ठेवणार. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

त्याच दिवशी ठरवलं, पेट्रोलची गाडी बास. बसने फिरून पाहिलं, तर सकाळची इंजेक्शनं संध्याकाळी व्हायला लागली. सायकल म्हणाल तर टेकडीवरच्या वसाहतीशी माझ्या गुडघ्यांचं पटत नाही. राहिली बॅटरीची स्कूटर.

"चढाला लोळेल," मिस्त्री म्हणाले. "पाण्यात बंद पडेल. आणि बिघडली तर बघणार कोण?"

"तुम्ही."

"मला त्यातलं ओ की ठो कळत नाही!" मग पाना खाली ठेवून म्हणाले, "लोक विचारतील, मिस्त्रीच्या बायकोलाच मिस्त्रीची गाडी नको झाली का?"

खरं दुखणं हे होतं. माझी गाडी आजवर दुसऱ्या कोणाच्या हाताला लागली नव्हती. मला नवी गाडी तर हवीच होती, पण ती दारात आणताना हा माणूस मोडायला नको होता. आता दोन्ही एकदम कसं जमणार? माझं मलाच माहीत नव्हतं. पण हट्टाला पेटले की मी कोणाचं ऐकत नाही.

"उद्या शोरूमला जायचंय," मी म्हटलं. "तुम्ही बघा, चालवा, शिव्या द्या. पण चला."

आले. तोंड एवढंसं करून, पण आले.

शोरूममधल्या पोरीने गाडी बाहेर काढून दिली. मिस्त्री बसले. बटण दाबलं आणि मान तिरकी करून थांबले. काही ऐकू येईना. पुन्हा दाबलं. पुन्हा मान तिरकी.

"बंद पडलीय तुमची," ते जरा खुशीतच म्हणाले आणि नेहमीच्या सवयीने मूठ पुरती पिळली.

गाडी सुटली ती थेट दाराजवळच्या कुंडीवर. कुंडी आडवी, माती सगळीकडे, मिस्त्री कसेबसे उभे. आतली माणसं फिदीफिदी हसायला लागली आणि माझ्या डोक्यात तिडीक गेली.

"दात काय काढताय? गाडी चालू आहे की बंद, हे हा माणूस जन्मभर कानाने ओळखत आलाय. तुमची गाडी मुकी, त्यात त्यांचा काय दोष?"

पोरगी बिचारी ओशाळली. "सॉरी काका. लागलं नाही ना?"

"मला नाही लागलं. कुंडीचं बघा." मग कमरेत वाकून त्यांनी गाडी खालून-वरून न्याहाळली. "हिला खोलायचं कुठून?"

"खोलायचं नाही काका. घरी खोललीत तर वॉरंटी जाते. काही झालं तर आमची माणसं येऊन घेऊन जातील."

मिस्त्रींचा चेहरा खर्रकन उतरला. क्षणभर वाटलं, जाऊ दे, नको ती गाडी. पण खिडकीमागचे टेलरकाका आठवले आणि मी चावी मागून घेतली.

"मागे बसा. टेकडीवर जाऊ."

माझी औषधांची बॅग पुढे, मिस्त्री मागे आणि समोर तो उभा चढ, जिथे आमची जुनी गाडी खोकत खोकत वर जायची. अर्ध्यावर ते कानाशी म्हणाले, "आता लोळेल बघ." नाही लोळली. आम्ही वर पोचलो. मिस्त्री उतरले, खाली बसले आणि इंजिन जिथे असायला हवं तिथे तळहात टेकवला. चढ संपला की ते नेहमीच असा हात लावून पाहतात.

बराच वेळ हात तिथेच होता.

"तापली नाही गं," ते म्हणाले.

मग कुठे मी जाऊन गाडी पक्की केली. गाडी हाती आली तेव्हापासून टेलरकाकांची खिडकी उघडी राहायला लागली. मी कधी आले ते सुनेला कळायचंही नाही, दारात उभी पाहून दचकायची. जुनी गाडी मिस्त्रींनी गॅरेजच्या मागच्या भिंतीला लावली. सुटे भाग होतील म्हणाले. गल्लीतल्या लोकांनी विचारायचं ते विचारलंच. "तिच्या पेशंटांना धूर सोसत नाही," एवढंच मिस्त्रींनी सांगितलं आणि कामाला लागले. मला त्यांचा फार अभिमान वाटला.

पहिला रविवार आला. लग्नापासून रविवारची सकाळ माझ्या गाडीची. त्या वेळी दुसरं कोणी गिऱ्हाईक आलं तर सरळ परत. प्लग पुसायचा, तेल बघायचं, कार्बोरेटर साफ करायचा आणि शेवटी म्हणायचं, "जा आता बिनधास्त." आमच्या संसारात गोड बोलणं म्हणतात ते एवढंच.

मी चहा घेऊन खाली आले. नव्या गाडीपुढे जुनी चादर अंथरून त्यांनी हत्यारं मांडली होती. चाकातली हवा बघितली. ब्रेक दाबून बघितले. आरसे पुसले. काम संपलं. मग पाना हातात धरून नुसते बसून राहिले.

मनात आलं, खोटंच सांगावं, ब्रेक नीट लागत नाही म्हणून. पण माझं खोटं त्यांना लगेच कळतं आणि कीव केलेली त्यांना खपत नाही. मी तशीच उभी राहिले.

त्यांनी हत्यारं एकेक करून पेटीत ठेवली, चादर झटकून घडी घातली.

"जा आता बिनधास्त," म्हणाले.

मग नळाशी गेले. साबण घेऊन कोपरापर्यंत खसाखसा हात चोळले, नखंसुद्धा. हाताला तेलाचा थेंब लागलेला नव्हता. हात धुऊन होईपर्यंत मी टॉवेल घेऊन शेजारी उभी राहिले.