“घरचंच काम आहे हो!”

“आमचं तेवढं आधी बघा हं, घरचंच काम आहे!” हे वाक्य तुमच्या-आमच्या तोंडी कायम असतं. श्रीरंगरावांना तर ते ऐकून अंगावर मूठभर मांस चढायचं. तीन पिढ्या कारकुनीत गेलेल्या घराण्यातले ते पहिलेच कारखानदार. गारखेड्यात एका लांबट खोलीत त्यांनी गणवेश शिवण्याचा छोटा कारखाना काढला होता. कापणं, शिवणं, काज-बटण, इस्त्री, सगळं तिथंच.

ओळखीच्यांना नाही कसं म्हणायचं? म्हणून श्रीरंगरावांनी एक शक्कल लढवली. घरच्या माणसांच्या गठ्ठ्याला लाल फीत बांधायची. फीत दिसली की कारागिरानं हातातलं बाजूला ठेवून ते काम आधी घ्यायचं. सरकारी कचेरीत लाल फितीनं कामं अडतात हे ज्यांनी जन्मभर पाहिलं, त्यांनाच लाल फितीनं काम पळेल असं वाटावं, याला काय म्हणावं! हळूहळू साडूंचे कुर्ते आले, व्याह्यांची जाकिटं आली, शेजाऱ्यांचे सदरे आले. जिकडंतिकडं लाल फिती झाल्या. मग खरोखरच घाई असलेल्या गठ्ठ्याला दोन फिती बांधायची पद्धत पडली.

त्या दिवशी सकाळी शाइस्ता आली. नर्सिंगचं शिक्षण संपवून तिला एका खाजगी दवाखान्यात पहिलीच नोकरी लागली होती.

“काका, ड्रेस झाला का? उद्या हजर व्हायचंय. ड्रेसशिवाय वॉर्डात घेणार नाहीत. मोठ्या सिस्टर म्हणल्या, नाय जमलं तर दुसरी मुलगी तयार आहे.”

“झालाच असेल,” म्हणत श्रीरंगराव आत गेले. झाला नव्हता.

“संध्याकाळी ये,” ते बाहेर येऊन म्हणाले.

“काका, मागच्या खेपेला पण हेच बोलले होते तुम्ही.” शाइस्ता दाराजवळच्या बाकावर बसली. ती रागावली नाही, हेच श्रीरंगरावांना जास्त लागलं.

आत जाऊन त्यांनी तोंडाचा पट्टा सोडला. कटिंग करणारे फारूखभाई कात्री खाली ठेवत म्हणाले, “मैं तो कब का काट के दे दिया साहब. पूछो सुलेखाबाई को.”

“मी बी शिवून दिलं की!” सुलेखाबाई मशीनवरून मान न उचलता म्हणाल्या. “माझ्याकडं काय नाय आता.”

राहिली काज-बटणाच्या मशीनवरची संध्या. श्रीरंगराव तिच्यावर ओरडले तशी ती उठून उभी राहिली. “दादा, सकाळपासून पाणी प्यायला उठले नाय मी. तरी मीच व्हय?” तिचे डोळे भरून आले.

श्रीरंगराव गोंधळले. कापणारा रिकामा नाही, शिवणारी रिकामी नाही, ही तर घामानं निथळतेय. सगळे राबतात, मग काम जातं कुठं? माणसं कमी पडतात की यंत्र जुनं झालं? का कुणाची नजर लागली? डोकं धरून ते स्टुलावर बसले.

तेवढ्यात त्यांची थोरली बहीण अनसूयाताई आली. वाळूजच्या एका कारखान्यात कामाचं नियोजन करण्यात तिची उभी हयात गेलेली. आज ती आली होती नातू वरदचा मुंजीचा कुर्ता न्यायला. अर्थात, दोन फितींचा!

“ताई, बाहेर बसलेल्या पोरीची नोकरी ड्रेसपायी अडलीय. सगळे राबतात, मग काम चोरतं कोण तेच कळेना,” श्रीरंगराव म्हणाले.

“चोर माणसांत शोधतोस, म्हणून सापडेना. त्या पोरीचा गठ्ठा कुठं थांबलाय ते बघ आधी.”

पांढऱ्या ड्रेसचा गठ्ठा संध्याच्या टेबलावर होता, लाल फितींच्या ढिगाखाली. ताईनं भावाला तिथंच उभं केलं. संध्यानं मशीनला पांढरा दोरा लावला होता. तो काढून तिनं जाकिटासाठी किरमिजी ओवला. चिंधीवर टाके तपासले. जाकीट झालं, तर वर हिरवा कुर्ता! पुन्हा दोरा काढा, पुन्हा ओवा, पुन्हा चिंधी.

“अरे, ही काजं कमी करतेय आणि दोरेच जास्त बदलतेय!” श्रीरंगराव ओरडलेच.

“कुणाच्या हुकमानं?” ताईनं विचारलं. “श्री, माणसं आणि मशिनी आणल्या म्हणजे कारखाना होत नाही. काम कुठून कुठं जाईल, कशामागून काय जाईल, हे ठरवावं लागतं. तुझं सगळं काम ह्या एकाच मशीनमधून पुढं जातं. इथं वाट अरुंद आहे, आणि नेमके इथंच तू पाहुणे घुसवतोस.”

“पण माणसं तोडू का? ओळखीवर तर धंदा उभा राहिला!”

“उभा ओळखीवर राहतो, चालतो दिलेल्या शब्दावर. तू एकाला पुढं घेतलंस की मागचे सगळे थांबतात. ज्याला ओळख नाही तो फोन करत नाही, म्हणून तुला वाटतं कुणी थांबलेलंच नाही. ती बघ, बसलीय बाकावर.”

श्रीरंगरावांनी दाराकडं पाहिलं आणि मान खाली घातली. ताईनं ढिगातून वरदचा कुर्ता ओढला, दोन्ही फिती सोडल्या आणि तो सगळ्यात खाली ठेवला.

“अगं, उद्या मुंज आहे!”

“कापड मीच उशिरा दिलं. नाही झाला तर जुना घालेल. त्यानं कुणाची नोकरी जात नाही.”

तेवढ्यात फोन वाजला. साडू होते. “श्रीरंगराव, घरचंच काम आहे हो...” “तुमचा नंबर आला की करतो,” श्रीरंगराव कसंबसं म्हणाले. पलीकडून फटकन फोन ठेवला गेला. साडू रुसले, हे उघडच होतं. पण आता मागं फिरायचं नव्हतं!

“संध्या, चुकलो बरं का,” ते म्हणाले. “जे आधी आलं ते आधी घे. आणि त्यातलं पांढरं सगळं एकदम काढ, सारखा दोरा बदलू नको.” ते स्वतः फिती सोडत बसले. मशीन मध्येच न थांबता चालू लागली.

दुपारी इस्त्रीचा गरम गणवेश श्रीरंगरावांनी शाइस्ताच्या हातात दिला. तिचा विश्वासच बसेना. हळूच तिनं विचारलं, “काका, माझ्यासाठी कुणाचा फोन आला होता? किसने बोला आपको?”

इतक्या लहान वयात या पोरीला पक्कं ठाऊक होतं, की फोनशिवाय काम होत नाही! आणि हे तिला शिकवणाऱ्यांत आपणही होतो, या विचारानं श्रीरंगरावांना लाज वाटली.

“कुणाचाच नाही, बेटा,” ते म्हणाले. “तुझा नंबर होता.”

मंडळी, ज्याची कुणाशी ओळख नाही त्याचंही काम वेळेवर होतं, तिथंच व्यवस्था आहे असं म्हणावं. मग तो कारखाना असो, दवाखाना असो की कचेरी. पुढच्या वेळी “घरचंच काम आहे” हे शब्द ओठावर आले, तर आपल्यामागं कोण थांबलंय ते एकदा वळून बघा!