निर्वेदाचं वाक्य

माझा भाऊ भाषेचा मास्तर. निवृत्त झाला तरी शिकवायची खोड जाईना, आणि वर्ग उरला नाही म्हणून मी आणि त्याची आईवेगळी पोर त्याच्या तावडीत सापडलो. रोज सकाळी तो फ्रिजवर एक अडगळीतला शब्द चिकटवायचा. रात्री जेवताना आम्ही त्याचं वाक्य करायचं. अट एकच, वाक्य आजच्या दिवसातलं आणि खरं हवं. "वापरला तरच शब्द जगतो," असं तो म्हणायचा.

त्या दिवशी शब्द होता 'निर्वेद'. म्हणजे कशातच मन न उरणं. मी म्हटलं, "भांडी घासण्याचा मला निर्वेद आलाय."

"हा नुसता कंटाळा, ताई. दहापैकी तीन."

मग चिमीची पाळी. ती एका कंपनीत दिवसभर फोनवर लोकांच्या तक्रारी ऐकते. हल्ली घरी आली की गप्पच असायची. दमत असेल, असं आम्ही धरून चाललो होतो. चमचा खाली ठेवून ती म्हणाली, "आज खिडकी उघडायचीसुद्धा इच्छा झाली नाही. मला जगण्याचाच निर्वेद आलाय, बाबा."

"अचूक!" भावानं टेबलावर थाप मारली. "बघ ताई, याला म्हणतात वाक्य! दहापैकी दहा."

मीही मेली हसले. "मास्तरांची लेक शोभतेस," म्हटलं. तीही जराशी हसली, आपलं ताट धुऊन ठेवलं आणि झोपायला गेली.

सकाळी ती उठेना. पोरीनं जीव द्यायचा प्रयत्न केला होता.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "आधी कधी काही बोलली होती का?"

ज्याच्या जिभेवर अख्खा शब्दकोश, तो माझा भाऊ एवढंच म्हणाला, "नाही."

माझं टाळकंच फिरलं. "खोटं बोलू नकोस! बोलली होती, आपल्या दोघांच्या देखत. तू मार्क दिलेस, मी हसले."

डॉक्टरीणबाईंनी ते कागदावर लिहून घेतलं. "या वेळी वाचली. पण आता तिनं मनातलं बोलायला हवं. नाहीतर मला पुढची भीती वाटते."

तेव्हापासून तो तिच्या उशाशी बसून होता. "चिमे, बोल गं काहीतरी. कसंही बोल. मी ऐकतोय." विनवून विनवून घसा बसला त्याचा. मला त्याचा राग येत होता आणि कीवही.

संध्याकाळी तिनं डोळे उघडले. त्याच्याकडे नीट पाहिलं.

"सांगितलं होतं, बाबा."

आणखी काही बोलेल म्हणून त्यानं वाकून कान तिच्या तोंडाशी नेला. तिनं कूस बदलली आणि भिंतीकडे तोंड केलं. तो तसाच वाकून राहिला.