पेटीवरचा फोटो

आमच्या लोणच्याच्या कारखान्यात औषधाची पेटी बारा वर्षं माझ्याकडे होती. कोणी दिली नव्हती, मीच धरली होती. कोणाला कापलं, भाजलं, चक्कर आली, की हाक एकच, "किशोरीताईला बोलवा." आपट्याहून सकाळची बस पकडून यायचं, दिवसभर बरण्या भरायच्या, पगार सगळ्यांएवढाच. पण या एका हाकेमुळे मी चारचौघींत वेगळी होते. खोटं कशाला बोलू, मला ते फार आवडायचं.

फेब्रुवारीत तपासणीला साहेब आले. पेटी उघडून म्हणाले, "हिचा ताबा कोणाकडे?" मी पुढे झाले. "प्रमाणपत्र?" घ्या, बारा वर्षं पट्ट्या बांधणाऱ्या बाईकडे हा माणूस कागद मागतो. पेटी प्रथमोपचार शिकलेल्या माणसाच्याच ताब्यात हवी, असा कायदा आहे म्हणे. मग आमच्या मॅनेजरांनी, शैलेशसरांनी, खारघरला प्रशिक्षणासाठी एक नाव पाठवलं. माझं नाही. फहमिदाचं. कामाला लागून तिला दीड वर्ष झालेलं. बारावी पास, इंग्रजी वाचता येतं, एवढंच काय ते.

ती प्रशिक्षण घेऊन आली आणि पेटीवर तिचा फोटो लागला. खाली नाव, फोन नंबर. पेटीत माझी टूथपेस्टची ट्यूब असायची, भाजल्यावर लावायला. ती तिने काढून माझ्या हातात दिली. "किशोरीताई, ही नको. भाजल्यावर वीस मिनिटं नळाचं गार पाणी सोडायचं. असलं काही फासायचं नाही." तेही सगळ्यांदेखत. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. काल आलेली पोरगी मला शिकवते. मी ट्यूब ॲप्रनच्या खिशात टाकली आणि तिच्याशी कामापुरतंच बोलायला लागले. ईदला तिने शीरखुर्मा आणला, तोही मी उपवास सांगून टाळला.

मे महिन्यात कैरीचा हंगाम, नुसती धांदल. फोडणीचं तेल ओतताना रुचिराच्या हातावर उडालं, मनगटापासून कोपरापर्यंत. ती किंचाळली आणि सवयीने माझंच नाव घेतलं. काय सांगू, तिला भाजलं होतं आणि मला आनंद झाला. फहमिदा पार दुसऱ्या टोकाला, लेबलं लावत होती. ती पोचायच्या आत आपण पोचायचं, एवढंच माझ्या डोक्यात. मी ट्यूब काढली आणि अर्धी अधिक रुचिराच्या हातावर फासली. फहमिदा धावत आली, मला चकार शब्द न बोलता तिला नळापाशी घेऊन गेली आणि घड्याळाकडे बघत पाणी सोडत राहिली. तरी पेस्ट पुरती निघाली नाही. दवाखान्यात डॉक्टर ती साफ करत होते तेव्हा रुचिरा अशी ओरडली, की बाहेर बाकावर मला बसवेना.

दुसऱ्या दिवशी सकाळीच सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. डॉक्टरांनी त्यांना फोनवर चांगलंच सुनावलं होतं. "पेस्ट कोणी लावली?"

फहमिदा म्हणाली, "पेटीवर नाव माझं आहे सर. जिम्मेदारी माझी."

सरांना वाटलं, हिनेच लावली. "मग तुला शिकायला पाठवून काय उपयोग झाला? तो फोटो काढ आजच."

तोंड मिटून बसले असते तर, निदान दुसरं कोणी शिकून येईपर्यंत, पेटी परत माझ्याकडे आली असती. पण मला तिचा असा राग आला. म्हणजे चांगलीही हीच ठरणार आणि माझी चूकही हीच पदरात घेणार? उद्या अख्खा कारखाना म्हणणार, फहमिदाने किशोरीताईला वाचवलं. ते मला सहन होणार नव्हतं.

"मी लावली," मी म्हटलं. "माझ्या खिशातली होती. हिने बजावून ठेवलं होतं, तरी लावली." खरं बोलायची हौस वगैरे काही नव्हती. नुसता हेवा.

सर काय काय बोलले ते मी ऐकून घेतलं. फोटो राहिला.

जेवणाच्या सुट्टीत दमयंती शेजारी येऊन बसली. उरणची कोळीण, फोडणीवरची जुनी बाई, माझ्या बाजूने कायम भांडणारी. "तू कशाला मान खाली घालतंस?" ती म्हणाली. "माजा हात भाजला तवा तूच होतीस ना? तू पेस्ट लावलीस म्हनून वाचला. नायतर काय झालं असतं?"

आणि तिने बाही वर केली. मनगटापासून वर आक्रसलेली, काळपट कातडी. चार वर्षं तो डाग ती लोकांना दाखवत आली आणि मी शेजारी उभी राहून ऐकत आले. कौतुकाने. त्या दिवशी मला त्याच्याकडे बघवेना. मी नजर वळवली तर समोर शेवंताची तशीच आक्रसलेली बोटं, पलीकडे भारतीचा तसाच पंजा. तिथेही मीच धावून गेले होते.

फहमिदा खिडकीपाशी एकटीच डबा उघडून बसली होती. तिच्या हातून कोणाच्या अंगावर असं काही राहणार नाही. पेटी तिच्याकडे गेली त्याचं आता मला काही वाटत नाही. या एका गोष्टीसाठी मात्र मला तिचा फार हेवा वाटतो.